कोकणातली दमट हवा आणि मेन जेट

ऑक्टोबरच्या दुपारी कुडाळ-सावंतवाडीकडे पारा ३३ अंश आणि आर्द्रता ७५ टक्के असली की टू-स्ट्रोक गाडी वरच्या आरपीएमला जड होते, प्लग काळा येतो, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त (मिश्रण रिच) जातंय. दोष उकाड्याला दिला जातो, पण वाफेचा वाटाही मोठा आहे. अशा हवेत १००५ मिलिबारपैकी जवळपास ३८ मिलिबार दाब निव्वळ वाफेचा असतो. कोरड्या हवेचे उरले ९६७, म्हणजे घनता घनमीटरला सुमारे १.१० किलो. डिसेंबरच्या पहाटे १८ अंश, १०१४ मिलिबार आणि आर्द्रता ८५ टक्के असली तरी हीच घनता १.१९ भरते, कारण थंड हवेत वाफ मुळातच कमी मावते. तेव्हा नुसता आर्द्रतेचा टक्का बघून मेन जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल सोडणारं मापाचं भोक) बदलू नका.

फरक ८ टक्क्यांचा, पण जेट ८ टक्के बदलायचा नाही! हवा विरळ झाली की व्हेंचुरीतली (कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यातली) ओढही घटते आणि पेट्रोल आपोआप थोडं कमी येतं. दुरुस्ती निम्मी, ४ टक्के. जेटचा नंबर भोकाच्या व्यासाचा असेल तर ११० च्या जागी १०८, कारण प्रवाह व्यासाच्या वर्गाने बदलतो. प्रवाहाचा असेल तर २०० च्या जागी १९२ च्या जवळचा १९०.

उलट दिशेला मात्र जपा. ऑक्टोबरचा जेट डिसेंबरच्या पहाटे तसाच राहिला तर मिश्रण लीन होतं (पेट्रोल कमी पडतं) आणि पिस्टन जाम होऊ शकतो. थंडीत मोठ्या जेटने सुरुवात करा. नवा प्लग लावून टॉप गिअरला फुल थ्रॉटल, क्लच दाबून तिथेच इंजिन बंद, मग पोर्सेलिनच्या तळाची रिंग बघा. जेट एकेक पायरीनेच उतरवा.

मोबाइलवरचं हवामान ॲप बहुधा समुद्रसपाटीला आणलेला दाब दाखवतं. वेंगुर्ल्यात चालून जातं. सुमारे ६९० मीटर उंचीच्या आंबोलीत तो आकडा ७५ मिलिबारच्या आसपास खोटा ठरतो. तिथे बॅरोमीटरवर जागेवरचाच दाब घ्या. तापमान सावलीत, एअरबॉक्सच्या उंचीवर. तापलेल्या डांबराजवळ नको.

फ्युएल इंजेक्शनवाल्यांनीही निर्धास्त राहू नये. मॅप सेन्सरला दाब कळतो, इनटेक सेन्सरला तापमान. वाफ दोघांनाही कळत नाही. ऑक्टोबरच्या वरच्या आकड्यांत मिश्रण ३-४ टक्के रिच जातं, ते वाइडबँडवरच (मिश्रण मोजणाऱ्या ऑक्सिजन सेन्सरवर) दिसतं. वाफेने ज्वलन मंदावतं, म्हणून इग्निशन थोडं ॲडव्हान्स (ठिणगी जरा आधी) चालतं. कोरड्या थंडीत ते मागे घेतलं नाही तर नॉकिंग सुरू होतं.