यमाचा फास कापणारी कात्री

दिवे घाट चढून आलेली ज्ञानोबारायांची पालखी सासवडला विसावते, तेव्हा दिंडीच्या राहुट्यांमधून धुणीभांडी, पाय चोळणे आणि फाटके शिवणे एवढीच कामे चाललेली असतात. आमच्या राहुटीत साताऱ्याकडच्या एक आजी मांडीवर गोधडी पसरून धावदोरा घालीत होत्या. वरचे कापड नवऱ्याच्या धोतराचे, आतले थर सासूच्या लुगड्यांचे. कडेपासून सुरुवात करून चौकोनाच्या आत चौकोन असे टाके मध्याकडे सरकत होते. “माणूस गेलं तरी कापड उरतंय, माऊली. पेटीत ठेवलं तर कसर खाईल, शिवलं तर नातवंडं पांघरतील,” असे म्हणून त्यांनी दोरा दाताने तोडला आणि सुईत नवा ओवून मागितला.

ज्ञानेश्वरीच्या दुसऱ्या अध्यायात देहाला जीर्ण वस्त्राची उपमा आहे, जे टाकून चैतन्य नवे वस्त्र नेसते. कीर्तनात अनेकदा ऐकलेला हा दृष्टान्त त्या दिवशी मला प्रथमच अपुरा वाटला, कारण जीर्ण वस्त्र टाकते कोण? निदान आमच्याकडच्या बायका तरी टाकत नाहीत.

पुढे जेजुरी, वाल्हे या वाटेवर मनात घोळत राहिले ते जातीचे शिंपी असलेले नामदेवराय. गुरू ग्रंथसाहिबात त्यांची 61 पदे आहेत, आणि त्यांतील आसा रागातल्या एका पदात मन हा कापड मोजायचा गज होतो, जीभ कात्री होते आणि मापून मापून यमाचा फास कापला जातो; त्याच पदात पुढे सोन्याची सुई आणि रुप्याचा धागा येतो. मला यातले मापणे सर्वांत मोलाचे वाटते. मरणाची धास्ती एका घावात तुटेल असे नामदेव म्हणत नाहीत. शिंपी मापाशिवाय कात्री लावीत नाही, तसे जिभेवरच्या नामाने ती रोज थोडी थोडी कापत न्यायची. टाळाच्या ठेक्यावर दिवसभर चालताना हे नुसते पटत नाही, अंगवळणी पडू लागते.

पंढरीत दर्शनाची रांग फार लांबली होती, म्हणून मी कळसाला हात जोडून महाद्वारातील नामदेव पायरीपाशी थांबले. 1350 साली नामदेवांनी तेथे समाधी घेतली, अशी परंपरा आहे. संतांची पायधूळ अंगावर पडावी म्हणून त्यांनी दारातली ही जागा मागून घेतली, असे सांगतात. वारकरी मात्र तिच्यावर पाय ठेवीत नाहीत.