द्रवणांक मोजायचा तर आधी मूस बघा

सोलापूरच्या चिंचोली एमआयडीसीत काय किंवा अक्कलकोट रोडला काय, फाउंड्रीत रॅमिंग मासची, म्हणजे भट्टीला आतून अस्तर ठोकायच्या पुडीची, पोती उतरली की पहिला प्रश्न ठरलेला: मेल्टिंग पॉइंट किती? सिलिकाचा 1723 अंश सेल्सिअस, ॲल्युमिनाचा 2054, मॅग्नेशियाचा 2800 च्याही वर. पण हे आकडे शुद्ध ऑक्साइडचे, पोत्यातल्या मालाचे नव्हेत.

ॲल्युमिनाच घेऊ. 99.99 टक्के शुद्ध पूड 1100 अंशांवर दोन तास भाजून घ्यायची, नाहीतर ओलाव्याची वाफ होऊन ती मुशीबाहेर उडते. मूस, म्हणजे माल वितळवायचं भांडं, टंगस्टनची; झाकणाला बारीक भोक. ग्रॅफाइटची मूस स्वस्त पडते, पण कार्बन ॲल्युमिनातला ऑक्सिजन ओढतो, कार्बाइड मिसळतं आणि माल आधीच पाघळतो. टंगस्टन गरम झाल्यावर हवेत जळतं, म्हणून भट्टीत शुद्ध आरगॉन. भट्टी गार ठेवणाऱ्या पाण्याच्या जॅकेटला मात्र बोअरचं क्षारांचं जड पाणी लावू नका. आत क्षार धरतो, पाणी तुंबतं.

एवढ्या तापमानाला प्लॅटिनम-ऱ्होडियमचं थर्मोकपल (तापमान मोजायची तारांची जोडी) टिकत नाही. तापलेल्या वस्तूच्या प्रकाशावरून लांबूनच तापमान सांगणारा पायरोमीटरच लागतो, आणि चूक बहुतेक इथेच होते. 0.65 मायक्रॉन तरंगलांबीच्या पायरोमीटरने थेट वितळलेल्या मालावर नेम धरला आणि त्याची उत्सर्जकता (आदर्श काळ्या वस्तूच्या मानाने प्रकाश सोडायची क्षमता) 1 ऐवजी 0.9 असली, तर 2054 ला सुमारे 25 अंश कमी दिसतात. म्हणून नेम मुशीतल्या खोल, अरुंद पोकळीवर धरायचा, तिथे उत्सर्जकता 1 च्या जवळ जाते. खिडकीची काच 92 टक्केच प्रकाश सोडत असेल तर आणखी 20 अंश गेले. काचेवर वाफेचा थर बसला की हा फरक वाढतच जातो, त्यामुळे दर वेळी काच पुसायची. पायरोमीटर तपासायला प्लॅटिनम, 1768 अंश. पण ते ॲल्युमिनाच्या मुशीत वितळवायचं, टंगस्टनच्या नाही, कारण त्या दोन धातूंचा मिश्रधातू होतो.

शेवटचे शंभर अंश मिनिटाला 5 च्या गतीने चढवा. वेळ-तापमानाच्या आलेखात रेघ आडवी होते, तो द्रवणांक. रेघ तिरकी आली तर भेसळ समजा. थंड होताना माल गोठणबिंदूच्या खाली जातो आणि मग तापमान एकदम वर उसळतं. उसळीनंतरचा सपाट भाग धरायचा, तळाचा आकडा नाही. चढता-उतरता आकडा जुळला तरच तो नोंदवावा.

सगळ्यांना हीच रीत जशीच्या तशी चालत नाही. मॅग्नेशिया वितळायच्या आधीच वाफ होऊन उडू लागतो. झिर्कोनिया निर्वातात ऑक्सिजन सोडून काळा पडतो.

आणि फायरब्रिक, म्हणजे भट्टीची वीट? ती मिश्रण आहे, तिला एक द्रवणांक नसतोच. तिच्यासाठी आयएस 1528 च्या भाग 1 मधली शंकूची चाचणी. वीट कुटून 212 मायक्रॉनच्या चाळणीतून काढायची, डेक्स्ट्रीनने बांधून शंकू पाडायचे, प्रमाण शंकूंशेजारी (ज्यांचं वाकायचं तापमान ठरलेलं असतं) उभे करून मिनिटाला 2.5 अंशांनी तापवायचे. टोक वाकून पाटीला टेकलं की शेजारचा कुठला शंकू त्याच वेळी टेकला ते बघायचं. कुटताना खलबत्त्याचं लोखंड पुडीत उतरतं. त्यावरून लोहचुंबक फिरवला नाही तर लोह ऑक्साइडमुळे चांगली वीटही हलक्या प्रतीची ठरते. रॅमिंग मासची पूड तपासताना त्यात बोरिक ॲसिड मिसळलेलं आहे का, हे आधी विचारा. एक टक्क्यानेही शंकू लवकर वाकतो.