पडद्याअलीकडे, पडद्यापलीकडे

फेब्रुवारीत पुण्याहून भाचा आला. बरोबर बायको, सात वर्षांची ओवी आणि ब्रूनो. ब्रूनो लॅब्राडोर, गाडीत सगळ्यात जास्त जागा त्याचीच. चहा व्हायच्या आत भाचा म्हणाला, "मामा, पलूसला वाइन पार्क आहे ना? उद्या सगळेच जाऊ."

"सगळेच म्हणजे?"

"सगळेच."

स्वयंपाकघरात कुकरचं झाकण जरा जोरातच बसलं.

मलाही खटकलंच. पोरीला घेऊन वाइनच्या कारखान्यात? मग आमची पोरं लहान असतानाचं सांगली-मिरज रोडवरचं एक गार्डन हॉटेल आठवलं. पाटी होती, 'परमिट रूम. फॅमिलीसाठी स्वतंत्र सोय'. स्वतंत्र सोय म्हणजे एक मळका मरून पडदा. अलीकडे घसरगुंडी, दोन झोके, पावभाजी आणि बायका. पलीकडे त्यांचे नवरे. मी "हात धुऊन आलोच" म्हणून उठायचो आणि अर्ध्या तासानं बडीशेप चघळत परतायचो. एकदा चिरंजीवांनी भर टेबलावर विचारलं, "बाबा, हात एवढे कशानं घाण झालेले?" तेव्हा पोरं तिथं होतीच की!

आणि द्राक्षाचं म्हणाल, तर या जिल्ह्यातली पोरं मांडवाखालीच वाढतात. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी, मग तासगावकडच्या शेडमध्ये बेदाणा. राज्य सरकारच्या २००१ च्या वाइन धोरणानंतर वाइन आली, तिलाही लागतात द्राक्षंच. तर गेलो. ओळखीच्या वायनरीवाल्यानं ओवीच्या हातावर वाइनची द्राक्षं ठेवली. वाटाण्यापेक्षा थोडी मोठी, जाड सालीची, आत बिया. बिनबियांच्या, गोड माणिक चमन द्राक्षांवर पोसलेली पोर ती. तिनं सरळ थुंकली. "ही बिघडलीत."

टाक्यांच्या खोलीत मात्र त्यानं पोरीला आणि कुत्र्याला येऊ दिलं नाही. रस आंबताना कार्बन डायऑक्साइड सुटतो, तो हवेपेक्षा जड, जमिनीलगत साठतो. म्हणजे बरोबर ओवीच्या आणि ब्रूनोच्या नाकाच्या उंचीला. बिअरला २१ वर्षं, व्हिस्कीला २५ हे सरकारनं ठरवलंय; पण टाकीशेजारी वय नाही, उंची बघतात. हा नियम मला फार पटला.

ब्रूनोचं प्रकरण आणखी निराळं निघालं. कुत्र्याला द्राक्ष विषारी, बेदाणा तर त्याहून वाईट. मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. संशय आहे टार्टारिक आम्लावर, तेच जे चिंचेतही असतं. भाचा हे सहज बोलून गेला आणि माझ्या पोटात गोळा आला. वायनरीत ब्रूनो साखळीला होता. घरी टीपॉयवर बेदाण्यांची वाटी उघडी होती, आणि आदल्या रात्री तो तिच्याशेजारीच घोरत पडला होता. तिथूनच घरी फोन लावला. पलीकडून, "वाटी कालच वर ठेवलीय. तो वास घेत होता."

मग चव घ्यायची वेळ आली. उघड्यावर, झाडाखाली टेबल. ओवी समोरच बसलेली, हनुवटी हातांवर. मी घोट घेतला.

"आजोबा, तोंड का वाकडं केलं?"

"आंबट आहे गं."

"मग पिता कशाला?"

मी उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं. पडदा कुठंच नव्हता.