सीव्हीच्या वरच्या चार ओळी : माझा अनुभव

मी रत्नागिरीजवळच्या पावस गावची, बीएस्सी केमिस्ट्री. आंबा कॅनिंगच्या फॅक्टरीत लॅबला 2 सीझन काम केलं, पण पाऊस लागला की आंबा संपतो आणि कामही संपतं, म्हणून यावर्षी बारमाही नोकरी बघायची ठरवलं. सीव्हीत शिक्षण वगैरे पटकन लिहून झालं, अडलं ते नावाखाली स्वतःबद्दल चार ओळी लिहितात ना, तिथे.

झेरॉक्सवाल्याकडे तयार फॉरमॅट होता त्यातलंच टाकलं, मेहनती, प्रामाणिक, टीमवर्कची आवड, नामांकित कंपनीत प्रगतीची संधी हवी. 11 ठिकाणी पाठवला, एक फोन नाही आला. फार लागलं मनाला, कारण काम मला येत होतं.

गणपतीला आत्येभाऊ आला, तो लोट्याच्या एमआयडीसीत क्यूसीत, म्हणजे मालाचा दर्जा तपासायच्या कामात आहे. पडवीत बसून त्याने कागद हातात घेतला, माझ्या नावावर अंगठा ठेवला आणि म्हणाला, "आता सांग, हा कोणाचा सीव्ही?" मला काही बोलताच येईना. मग म्हणाला, "इंग्लिश राहूदे, लिहूही नको, तू दिवसभर करायचीस काय ते नुसतं बोल."

मग मी सुटलेच. रस गाळून आला की सॅम्पल घ्यायचं, रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर थेंबभर ठेवून झाकण लावायचं, उजेडाकडे धरून रेघ कुठे येते बघायचं, तो ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचा आकडा, मग पीएच म्हणजे आंबटपणा, मग सील झालेल्या डब्याची सीम, म्हणजे झाकणाचा जोड, सगळं वेळ टाकून रजिस्टरला. आमच्याकडे ब्रिक्स 16 तरी लागायचा, एकदा 14 आला, बाहेर गाडी भरायची घाई चाललेली, तरी मी लॉट बाजूला ठेवायला लावला.

दादा म्हणाला, "अगं मग हे कुठे लिहिलंयस?"

त्याच रात्री परत लिहिलं. आंबा पल्पच्या लॅबमध्ये 2 सीझन, दिवसाला 30-40 सॅम्पलची ब्रिक्स आणि पीएच तपासणी, प्रमाणात न बसणारा लॉट थांबवून नोंद केली, आता अन्नप्रक्रियेत वर्षभराचं क्यूसीचं काम हवं. बस एवढंच. हॅसॅप, म्हणजे अन्नसुरक्षेच्या पद्धतीचं ट्रेनिंग झालंय असं टाकू का विचारलं तर दादाने सरळ नाही सांगितलं, केलेलं नाही ते लिहायचं नाही, आणि मला ते पटलं.

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराजवळच्या फ्रोझन मासळीच्या युनिटला पाठवताना मात्र वरच्या ओळी बदलल्या. तिथे ब्रिक्सचं काय काम? सॅम्पलिंग, स्वच्छता, नोंदी आणि लॉट थांबवल्याचं वर घेतलं, आंबा खाली अनुभवात ठेवला. प्रत्येक ठिकाणी असं बदलायला वेळ जातो, पण माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यावा.

पाचव्या दिवशी फोन आला. इंटरव्ह्यूला मॅडमनी त्या ओळीवर पेन टेकवून पहिलाच प्रश्न विचारला, "लॉट थांबवलात म्हणजे नक्की काय झालेलं?" आणि मी पडवीत सांगितलं तस्संच सगळं सांगितलं.