सासवडचा लूप आणि चार मिनिटांचं काम

मी सायकल मेकॅनिक. पुण्यात छोटं दुकान आहे आणि रविवारी सायकल टूरवाल्यांच्या मागे सपोर्टची गाडी घेऊन जातो. लोकांना वाटतं सपोर्ट म्हणजे दिवसभर पंक्चर काढणं. तसं काही नसतं, दिवसभर मी केळी सोलणाऱ्या लोकांकडे बघत गाडीत बसलेला असतो. खरं काम असतं सकाळी निघायच्या आधीच्या वीस मिनिटांत, आणि तेव्हाच सगळ्यांना घाई असते.

सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारची गोष्ट आहे. रूट माझाच होता. पुण्याचे सायकलवाले बोपदेव घाट चढतात, सासवडला मिसळ खातात आणि दिवे घाटाने परत येतात. दिवे घाटात रुंदीकरणाचं काम, डंपर, खडी, त्यात रविवारी जेजुरीला जाणाऱ्या गाड्या. म्हणून मी टूरवाल्यांना सांगितलं की सायकली गाडीत टाकून थेट सासवडला या, संगमेश्वराच्या देवळापासून सुरू करू. कऱ्हा आणि चांबळी जिथे मिळतात तिथलं देऊळ, सकाळी सहाला तिथे चिटपाखरू नसतं. तिथून सोनोरी, परत खाली, मग वनपुरी, कुंभारवळण, खानवडी अशी गावं घेत परत सासवड. हायवे जवळपास नाहीच. रस्ता सारखा वर-खाली, वर-खाली, बाजूला सीताफळाच्या आणि अंजिराच्या बागा. हा रूट मी तीन शनिवार बाईकवर फिरून नक्की केलाय. कुठल्या वस्तीवरची कुत्री अंगावर येतात, दुधाच्या गाड्या किती वाजता सुटतात, पावसाळ्यानंतर कुठल्या वळणावर बारीक खडी येऊन पडते, सगळं वहीत लिहिलेलं आहे. या वहीचा मला जरा गर्वच आहे.

सव्वासहाला बारा सायकली रांगेत. मी एक-एक उचलून मागचं चाक फिरवतो, ब्रेक, हवा, ॲक्सल, मग सगळे गिअर एकदा वर-खाली. आठवी सायकल एका काकांची. बँकेतून रिटायर झालेले, बोलायला एकदम गोड माणूस, दोन लाखाच्या आसपासची कार्बन फ्रेम. चाक फिरवलं, चेन मागच्या सगळ्यात मोठ्या दात्यावर, म्हणजे दातेरी चकतीवर, नेली आणि टिक-टिक-टिक. खूप हळू. मागे जाऊन बसलो आणि बघितलं तर डिरेलरची, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणाऱ्या भागाची, वरची छोटी चाकी दात्याच्या रेषेत नाही, किंचित आत झुकलेली.

हँगर वाकला होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, अशा सायकलींना मागचा डिरेलर फ्रेमला डायरेक्ट लावत नाहीत, मधे ॲल्युमिनियमचा एक बोटभर तुकडा असतो, तो हँगर. तो मुद्दाम मऊ केलेला असतो, म्हणजे मार बसला तर तो तुटावा आणि महागडी फ्रेम वाचावी. आयडिया चांगली आहे. फक्त प्रत्येक कंपनीचा, कधीकधी प्रत्येक मॉडेलचा हँगर वेगळा, असे शेकड्याने आकार आहेत, आणि ज्याने हे केलं त्याला एकदा पुरंदर तालुक्यात रविवारी सकाळी हँगर शोधायला पाठवला पाहिजे.

वाकला कसा हे विचारायची पण गरज नव्हती. सायकल डिकीत आडवी, चेनची बाजू खाली, वर बॅग. दोन लाख देतात, पण सायकल डावीवर आडवी करायची, उजवीवर नाही, हे त्यांना कोणी सांगत नाही आणि सांगितलं तरी ऐकत नाहीत.

मी म्हणालो, "काका, हँगर जरा आत गेलाय वाटतं."

काका म्हणाले, "अरे नाही रे, कालच सर्व्हिस करून आणलीय, सगळं चेक केलंय त्यांनी."

तेवढ्यात आमचे ऑर्गनायझर सर आले, घड्याळ बघत. त्यांना घड्याळ नेहमी दिसतं, बाकी काही दिसत नाही. "झालं का? ऊन चढायच्या आत सोनोरी करायचंय."

आता खरं सांगतो. हँगर सरळ करायचं गेज माझ्या गाडीत होतं. लांब दांड्याचं असतं, डिरेलर सोडवून त्या जागी लावायचं, रिमपासूनचं अंतर चार बाजूंनी मोजायचं आणि हळूहळू दाबत सरळ करायचं. चार मिनिटांचं काम. गेज केळ्यांच्या क्रेटखाली होतं, पण ते कारण नाही. कारण हे की वाकलेलं ॲल्युमिनियम उलटं वाकवताना कधीकधी चिरतं, आणि त्या फ्रेमचा हँगर माझ्याकडे नव्हता. सव्वासहाला माझ्या हातात तो तुटला असता तर काकांची राइड तिथेच संपली असती आणि दोष माझ्यावर आला असता. म्हणून मी काय केलं, डिरेलरचा एल स्क्रू अर्धा फेरा आत घेतला, म्हणजे चेन चाकाच्या आऱ्यांकडे जास्त सरकू नये. टिक-टिक थांबली. काकांना म्हणालो, शक्यतो सगळ्यात मोठ्या दात्यावर जाऊ नका. ते हो म्हणाले. चढावर दम लागल्यावर असलं कुणाच्या लक्षात राहतं का?

सोनोरी छान झाली. वर मल्हारगड, पानश्यांनी बांधलेला, 1757 ते 1760, महाराष्ट्रात बांधलेला शेवटचा किल्ला म्हणतात तो. पानसे म्हणजे पेशव्यांच्या तोफखान्याचे सरदार, खाली गावात त्यांचा वाडा. आमच्या मंडळींनी वाड्यासमोर इतके फोटो काढले की माझ्या दुधाच्या गाड्यांचं टायमिंग पूर्ण चुकलं. सकाळी माझी चार मिनिटं जड झाली होती, इथे पाऊण तास गेला तरी कुणी घड्याळ बघितलं नाही.

वनपुरीकडून पुढे गेलो. ही सगळी गावं पुरंदरच्या नियोजित विमानतळाच्या आराखड्यातली, विरोधाचे फलक बघत जावं लागतं. खानवडी तर महात्मा फुल्यांच्या घराण्याचं गाव. एक ताई म्हणाल्या, इथे धावपट्टी झाली तर हा रूट नकाशावरून जाईल. मी काही बोललो नाही, रूटचं काय, बागा जातील.

खानवडीच्या अलीकडे एक छोटा पण उभा चढ आहे. माझ्या वहीत त्याच्यापुढे दोन फुल्या आहेत. मी मागे गाडीत, काका पुढे साधारण पन्नास मीटरवर. ते सीटवरून उठले, परत बसले, आणि मला दिसलं की उजवा हात गिअरवर गेला. आवाज गाडीच्या काचेतून पण आला, कडाड. डिरेलर आऱ्यांत गेला आणि चाक जागेवर लॉक. शूज पेडलला क्लिप असलेले, पाय काढायला वेळच नाही, काका सायकलसकट उजवीकडे आडवे झाले, रस्त्याच्या मधोमध. आणि वरून दुधाची पिकअप येत होती.

ड्रायव्हरने ब्रेक मारला. रिकाम्या कॅनचा जो खडखडाट झाला तो अजून कानात आहे. पिकअप थांबली तेव्हा तिचा बंपर आणि काकांचं हेल्मेट यात माझे दोन हात मावले असते. ड्रायव्हर विशीतला पोरगा, उतरून त्याने आधी काकांना उचललं आणि मग मला म्हणाला, "दादा, जोरात नव्हतो हां मी." खरंच नव्हता. त्याने तोंड धुवायला पाण्याची बाटली दिली, कॅन परत नीट लावले आणि गेला.

काकांचं कोपर खरचटलं, मांडीला मुका मार. बाकी काही नाही. ते हसतच होते, मी मात्र पाना हातात धरून उभा, हात थरथरतोय.

मग जे काम केलं ते मात्र मी मन लावून केलं. हँगर दोन तुकडे, डिरेलर वेटोळं, एक आरी तुटलेली, दोन-तीन चरे पडलेल्या. तुटलेली आरी शेजारच्या आरीला टेपने बांधली, आजूबाजूच्या थोड्या सैल-घट्ट करून चाकाचा आउट, म्हणजे डगमग, काढला, डिस्क ब्रेक असल्यामुळे रिम घासायचा प्रश्न नव्हता. डिरेलर काढून टाकला आणि चेन कापून सायकल सिंगल स्पीड, म्हणजे एकाच गिअरची, करायला घेतली. हे दिसतं तितकं सोपं नाही. आजकालच्या कॅसेटला, म्हणजे मागच्या दात्यांच्या संचाला, दात्यांच्या बाजूने खाचा असतात, चेन चढायला मदत व्हावी म्हणून, आणि डिरेलर नसला की जरा सैल चेन आपणहून शेजारच्या मोठ्या दात्यावर चढते आणि तिथे गच्च आवळते. बरं, चेन कमी करायची तर एक-एक इंचानेच होते, अर्धा इंच मागायची सोय नाही. म्हणून चेनच्या मापाने दाता शोधायचा, तोही पुढच्या चक्राच्या सरळ रेषेत हवा. पहिल्यांदा 21 दातांच्या चकतीवर लावली, चार पेडल मारले की चढलीच वर. परत काढली. मग पुढे 34, मागे 23. चेन जोडायची क्विक लिंक लावली, पेडलवर उभं राहून जोर दिला, बसली. ताठ, पण जास्त ताठ नाही.

तोपर्यंत वस्तीवरचे एक आजोबा येऊन बसले होते. सगळं बघून म्हणाले, "म्हणजे आता आमच्या सायकलीसारखी झाली म्हणायची."

काकांना गाडीत बसा म्हटलं तर ऐकेनात. 34 आणि 23 ला सपाटीवर पाय कितीही फिरवा, सोळा-सतराच्या वर स्पीड जात नाही. पुढचे अठरा किलोमीटर ते तसेच आले, तीव्र चढ चालत, आणि मी मागे पहिल्या गिअरमधे. वळणं आली की माझ्याकडे बघून अंगठा दाखवायचे. सासवडच्या बाजारात त्यांनी दोन किलो सीताफळं घेतली आणि पिशवी माझ्या हातात दिली. संध्याकाळी ग्रुपवर माझा फोटो, खाली "आजचा हिरो". बावीस लाइक.

सीताफळं बायकोने संपवली. मला एक पण गेलं नाही.

मंगळवारी दुकानात निवांत बसून तुटलेला हँगर टेबललॅम्पखाली धरला. तुटलेल्या तोंडाचा निम्मा भाग चकचकीत, खडीसाखरेसारखा. उरलेला निम्मा मळकट, काळपट. म्हणजे तिथे आधीपासूनच चीर होती, त्यात तेल-धूळ शिरलेली. मी सकाळी गेज लावलं असतं तर तो बहुतेक माझ्या हातातच तुटला असता. देवळापाशी, चाक हवेत, काका बाजूला चहा पीत. मी ज्या गोष्टीला घाबरलो ती अगदी झाली असती आणि तेच सगळ्यात बरं झालं असतं. पण हे मला मंगळवारी कळलं, रविवारी सव्वासहाला मी फक्त स्वतःवर येणारा दोष टाळत होतो. माझ्याबरोबरचा एक मेकॅनिक म्हणतो, तू सांगितलं होतंस ना त्यांना, विषय संपला. तो सगळ्याच गोष्टींना असं म्हणतो, आणि त्याच्याकडून सायकली परत पण येतात.

काल काकांचा मेसेज आला. ज्या दुकानाने आदल्या दिवशी सर्व्हिस केली होती तिथे जाऊन ते भांडणार आहेत, "हँगर वाकलेला दिसला नाही म्हणजे काय" असं विचारणार आहेत. पुरावा म्हणून तुटलेल्या तुकड्याचा फोटो मागितलाय. वर लिहिलंय, तुझ्यासारखा मेकॅनिक असता तर सकाळीच पकडलं असतं.

सकाळी मी त्यांना म्हणालो होतो ते त्यांच्या लक्षातच नाहीये. आणि डिकीत सायकल उजव्या बाजूवर त्यांनीच ठेवली होती, म्हणजे त्या दुकानाची चूक असेलच असंही नाही. फोटो काढलाय, दोन्ही तोंडं नीट दिसतील असा. फोनमधेच आहे.