तळपायातला खिळा

मागच्या महिन्यात एका दुपारी धाकटी मुलगी पोहून परतली आणि उंबऱ्यातच एका पायावर उभी राहून म्हणाली, "आई, चपलेत खडा गेलाय." चप्पल दोनदा झटकली, पण खडा काही पडला नाही. मग तिचा पाय मांडीवर घेऊन खिडकीच्या उजेडात पाहिला, तर अंगठ्यामागच्या मऊ भागावर मसुरीच्या दाण्याएवढे खरखरीत वर्तुळ होते आणि त्यात खसखस सांडल्यासारखे चार काळे ठिपके. या खड्याची आणि माझी ओळख पस्तीस वर्षांची आहे, त्यामुळे तो चपलेत सापडणार नाही हे मला पहिल्या झटक्यालाच कळायला हवे होते.

सहावीच्या सुट्टीत मी नगरपालिकेच्या तलावावर पोहायला शिकले. तिथल्या कपडे बदलण्याच्या खोलीची फरशी सदैव ओली असे आणि शॉवरखाली आम्ही सगळ्या मुली अनवाणी दाटीवाटीने उभ्या राहत असू. पोहणे दोन महिन्यांत आले. पायातला खडा मात्र दिवाळीच्या सुमारास उगवला, त्यामुळे या दोन गोष्टींचा काही संबंध असेल हे घरात कोणाच्याच मनात आले नाही. वडिलांनी चष्मा कपाळावर चढवून पाय पाहिला आणि "कुरूप आहे" असा निकाल दिला. आमच्याकडे तळपायाला काहीही कठीण झाले की ते कुरूपच असे; आजोळी त्यालाच भोवरी म्हणत. एखाद्या दुखण्याला भाषेने सरळ तोंडावर कुरूप म्हणावे याचा मला त्या वयात विलक्षण अपमान वाटे, आणि त्या वर्षी मी शाळेत कबड्डीसाठीसुद्धा मोजे काढले नाहीत.

आजीचे मत वेगळे होते. ही चामखीळ आहे आणि चामखिळीला घोड्याच्या शेपटीचा केस बांधावा लागतो, असे तिने जाहीर केले आणि ओळखीच्या टांगेवाल्याकडून एक लांब केस मागवलासुद्धा. मानेवर लोंबणारा मस असेल, तर त्याला केसाचा फास बसतो. तळपायाच्या चामखिळीला मात्र बांधायला देठच नसतो, कारण सगळ्या अंगाचा भार वरून पडत असल्यामुळे ती बाहेर वाढण्याऐवजी आत दाबली जाते. आजीने माझा पाय बराच वेळ उलटसुलट केला आणि अखेर तो केस देवघरातल्या हळदीकुंकवाच्या डबीशेजारी घडी घालून ठेवून दिला. उपाय निष्फळ ठरला, पण निदान तिचेच बरोबर होते. चामखीळ हा शब्द मुळात चर्मकील, म्हणजे कातड्यातला खिळा, हे मला फार पुढे कळले, आणि चालताना नेमके कसे वाटायचे ते त्या शब्दाला आधीच माहीत होते याचे आश्चर्य वाटले. सुश्रुतसंहितेत तर हे दोन्ही विकार वेगवेगळे सांगितले आहेत: चर्मकील वेगळा, आणि खडे-काट्यांनी दुखावलेल्या पायाला होणारी बोराएवढी कठीण गाठ, म्हणजे कदर, वेगळी. ही कदर उकरून काढून तापलेल्या तेलाने डागावी, असा तिथला उपचार आहे. हा उपचार आमच्या वडिलांच्या वाचनात आला नाही, हे माझे नशीब.

वडिलांनी औषधाच्या दुकानातून कॉर्न कॅप आणली. गंमत अशी की कॉर्न कॅपमध्ये जे सॅलिसिलिक आम्ल असते, तेच चामखिळीचेही औषध आहे. म्हणजे निदान चुकले होते आणि औषध बरोबर होते. फक्त ते बारा-बारा आठवडे नेटाने लावावे लागते, आणि आमच्या घराची चिकाटी पाचव्या दिवशी संपली.

त्यानंतर माझी भिस्त वज्रीवर होती. आमच्या न्हाणीघरात दगडाशेजारी पितळेची एक वज्री असे आणि आजोबांपासून माझ्यापर्यंत सगळे तिनेच टाचा घासत. अंघोळीनंतर भिजून पांढरा पडलेला तो खडा मी रोज त्या वज्रीने घासायची, कधी कधी रक्ताचा थेंब येईपर्यंत, आणि वज्री तांब्याभर पाण्याखाली धरून पुन्हा जागेवर ठेवायची. वर्षभरात ताईच्या टाचेला दोन खडे आले. ताईला अजूनही वाटते की तिला ते शिवणयंत्राच्या पायट्यामुळे झाले, आणि मी तिला आजतागायत खरे सांगितलेले नाही.

खरे काय ते मला कॉलेजात असताना एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी समजावले, तेही माझ्या मैत्रिणीचा पाय पाहताना. कुरूप म्हणजे दाबाला कंटाळून जाड झालेले कातडे. ते वरून सरळ दाबले की दुखते. चामखीळ दोन बाजूंनी चिमटीत धरली की कळ येते. तळपायावरच्या बारीक रेषा कुरूपावरून तशाच पुढे जातात, चामखिळीपाशी मात्र खंडित होतात आणि तिला वळसा घालतात. काळ्या ठिपक्यांना लोक चामखिळीची मुळे म्हणतात, पण त्या गोठलेल्या केशवाहिन्या, म्हणजे अगदी बारीक रक्तवाहिन्या, असतात, आणि म्हणूनच खरवडले की तिथून टिपक्याटिपक्यांनी रक्त येते. चामखिळीला मूळ नसतेच. ती एका विषाणूमुळे होते आणि हा विषाणू कातडीच्या वरच्या थरातच राहतो, रक्तात उतरत नाही, त्यामुळे शरीराला त्याचा पत्ता लागायला महिनोन्‌महिने जातात. जुझेप्पे चुफो नावाच्या एका इटालियन डॉक्टरांनी 1907 मध्येच, चामखिळीचा अर्क जंतू अडवणाऱ्या गाळणीतून काढून टोचला तरी नवी चामखीळ उठते, हे दाखवून दिले होते. म्हणजे आमच्या न्हाणीघरातली वज्री तेव्हा ऐंशीएक वर्षे मागे होती.

माझी चामखीळ आठवीच्या सहामाहीच्या सुमारास आपोआप गेली. मावशीने थुजाच्या होमिओपॅथिक गोळ्या सुरू केल्या होत्या, तिने श्रेय घेतले. आजी देवघराकडे बोट दाखवून नुसती हसली. मुलांच्या बऱ्याचशा चामखिळी दोन वर्षांत अशाच निघून जातात, म्हणून शेवटी जो कोणी दारात उभा असेल त्याला हार मिळतो.

लेकीच्या डॉक्टरांनीही घाई केली नाही. उणे 196 अंशांच्या द्रव नायट्रोजनने गोठवता येते, पण लहान मुलीला ते सोसणार नाही, असे म्हणून त्यांनी सॅलिसिलिक आम्लाचे औषध दिले. रोज रात्री कोमट पाण्यात पाय भिजवायचा, पांढरे पडलेले कातडे तिच्यासाठी वेगळ्या ठेवलेल्या कानशीने हलके घासायचे आणि आजूबाजूला व्हॅसलीन लावून थेंब नेमका मध्ये सोडायचा. "घरात कोणाला मधुमेह असेल तर त्यांना हे औषध देऊ नका," असे त्यांनी निघताना बजावले, आणि मला आमच्या वाड्यातले काका आठवले. त्यांच्या पायांना संवेदना राहिली नव्हती. कुरूप म्हणून ते दर रविवारी ओसरीवर बसून ब्लेडने तळपाय तासत, आम्ही पोरे भोवती उभी राहून पाहत असू, आणि दुखत नाही याचे त्यांना कौतुक वाटे. त्यांची करंगळी गेली, मग पायाचा पुढचा भाग.

सध्या सहावा आठवडा चालू आहे. लेक पोहायला जाताना चामखिळीवर पाणी न शिरणारी पट्टी लावते आणि शॉवरखाली रबरी चप्पल घालते. तिच्या मैत्रिणी हसतात. घरात चौघांच्या चार वज्र्या आहेत, रंगीत दोरे बांधलेल्या, आणि यावरून नवरा मला बोलतो. देवळात मात्र माझा इलाज चालत नाही. पाय धुण्याच्या नळाखालच्या ओल्या फरशीवरून मी टाचांवर तोल सावरत जाते. परवा मागच्या एका आजींनी माझा दंड धरला आणि "गुडघे का गं? एवढ्यातच?" असे हळहळून विचारले. मी हो म्हणाले.