साडेदहा मिलिग्रॅम कॅफीन आणि तेवीस दिवस

परदेशातून पेयं मागवत असाल तर इन्व्हॉइसवर ‘एनर्जी’ हा शब्द विनाकारण येऊ देऊ नका. बाकीचं सगळं सांगतेच, पण हे आधी, कारण माझं सगळं रामायण त्या एका शब्दावरून झालं.

मे २०२२. पोलंडहून आमचा पहिला कंटेनर न्हावा शेवाला उतरला. आत दोन प्रकारचा माल: एनर्जी ड्रिंकचे कॅन आणि व्हिटॅमिन वॉटरच्या अर्ध्या लिटरच्या बाटल्या. मला धास्ती होती ती कॅनची. आपल्याकडे कॅफीनयुक्त पेयात लिटरला १४५ ते ३०० मिलिग्रॅम एवढंच कॅफीन चालतं, आणि युरोपात सर्रास ३२० असतं. कारखान्याच्या मागे लागून भारतासाठी वेगळी बॅच करून घेतली होती. ते सगळं सुरळीत झालं. अन्नसुरक्षेचे नमुने गेले, स्टिकर लागले, परवानगी आली. बाटल्यांकडे मात्र मी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. पाणी, साखर, बी-६, बी-१२, सी. यात काय अडायचंय?

चौथ्या दिवशी सीएचएचा, म्हणजे कस्टम्सची कागदपत्रं करणाऱ्या आमच्या एजंटचा फोन. “मॅडम, क्वेरी आलीय.”

हल्ली असेसमेंट, म्हणजे मालावरच्या ड्यूटीची तपासणी, फेसलेस आहे. म्हणजे माल इथे, आणि तपासणारा अधिकारी देशातल्या दुसऱ्याच कुठल्यातरी बंदरावर. तो कोण, कुठे बसतो, हे आपल्याला कळत नाही. समोर जाऊन बाटली दाखवायची सोय नाही. तो आइसगेटवर, म्हणजे कस्टम्सच्या पोर्टलवर प्रश्न टाकतो, आपण उत्तर टाकतो, आणि मग वाट बघतो.

पहिला प्रश्न: व्हिटॅमिन आहेत, मग हे फूड सप्लिमेंट का नाही? म्हणजे कस्टम्सच्या दरयादीत पेयांच्या २२०२ या क्रमांकाऐवजी इतर खाद्यपदार्थांचा २१०६. फरक साधा नव्हता. २२०२ ला मूळ कस्टम ड्यूटी ३० टक्के, २१०६ ९० ला ५०. आम्ही उत्तर दिलं की बाटली उघडून थेट प्यायची आहे. २१०६ मध्ये पेय बनवण्यासाठीची अर्कं, पावडरी, गोळ्या जातात. तयार पेय दरयादीच्या बाविसाव्या प्रकरणातच, म्हणजे २२०२ मध्ये बसतं, व्हिटॅमिन घातलं म्हणून ते पेय राहायचं थांबत नाही. औषधांच्या तिसाव्या प्रकरणाची पहिलीच टीप ‘टॉनिक’ पेयांना बाहेर काढते, तीही जोडली. मला वाटलं, झालं.

सहा दिवस काहीच नाही. मग दुसरा प्रश्न: मालाचं वर्णन ‘व्हिटॅमिन एनर्जी वॉटर’ आहे, मग कॅफीनयुक्त पेय म्हणून २८ टक्के आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) आणि १२ टक्के सेस (त्यावरचा जादा उपकर) का भरला नाही?

मी इन्व्हॉइस काढून पाहिलं. पोलंडच्या सेल्समधल्या कुणीतरी कौतुकाने ‘एनर्जी’ घुसवलं होतं. लेबलवर तो शब्द कुठेच नाही. पण बाटली ट्यूबलाइटखाली धरून घटकांची ती मुंगीएवढी यादी वाचली, तेव्हा शेवटून तिसरा शब्द दिसला आणि पोटात गोळा आला: हिरव्या चहाचा अर्क, ०.०३ टक्के.

हिशोब सांगते. शंभर रुपयांच्या मालावर ३० ड्यूटी, त्यावर १० टक्के समाजकल्याण अधिभार म्हणजे ३, झाले १३३. त्यावर १८ टक्क्यांनी आयजीएसटी २३.९४, एकूण कर ५६.९४. कॅफीनयुक्त ठरलं की २८ आणि १२ टक्के, एकूण ८६.२०. आयजीएसटीचं क्रेडिट मिळतं हो, पण विकतानाही तोच दर लागतो, आणि व्हिटॅमिनचं पाणी त्या किमतीला दुकानदार ठेवणार नाही. (हा २८ अधिक १२ चा दर २०१९ च्या सप्टेंबरात, गोव्यात झालेल्या जीएसटी परिषदेच्या बैठकीत ठरला. कुठल्या पेयांच्या साक्षीने ठरला देव जाणे.)

कारखान्याला रात्री फोन लावला. अर्कात कॅफीन सात टक्के. म्हणजे लिटरला २१ मिलिग्रॅम, बाटलीत साडेदहा. आमच्या नाक्यावरच्या कटिंगमध्ये याहून जास्त असेल. कॅफीनयुक्त पेयाची किमान पातळीच लिटरला १४५, हे आम्ही नियमाच्या पानासकट लिहिलं. जीएसटीच्या नोंदीत ‘कॅफीनयुक्त’ची व्याख्या नाही, म्हणून अन्नसुरक्षेच्या नियमातली धरा, असंही लिहिलं. नमुना प्रयोगशाळेत गेला.

आणि मग तिसरा प्रश्न आला. पहिलाच. शब्दशः. ‘२१०६ का नाही, साहित्य सादर करा.’ साहित्य ई-संचितवर, कागदपत्रं चढवायच्या कस्टम्सच्या ऑनलाइन सोयीवर, पहिल्या उत्तरापासून होतं! त्या संध्याकाळी मी सीएचएवर ओरडले, ज्याचा काडीचा दोष नव्हता. त्याने शांतपणे तेच उत्तर पुन्हा चढवलं.

इकडे सीएफएसचं (बंदराबाहेरच्या कंटेनर यार्डचं) भाडं आणि शिपिंग लाइनचं डिटेन्शन, म्हणजे कंटेनर अडवून ठेवल्याचा आकार, रोज चढत होतं. वैताग असा की बिल ऑफ लॅडिंग (बीएल, जहाजाने माल घेतल्याची पावती) एकच, त्यामुळे ज्या कॅनबद्दल कुणाचा आक्षेप नव्हता तेही अडकून पडलेले. वादाचा संभव असलेला माल वेगळ्या बीएलवर मागवा. कंटेनर भरायच्या आधीच. आम्हाला हे सुचलं तेव्हा जहाज केव्हाच निघून गेलं होतं.

कस्टम्स कायद्याच्या कलम ४९ खाली माल सोडवण्याआधी तीस दिवसांपर्यंत गोदामात हलवता येतो, हेही मला पंधराव्या दिवशी कळलं. बाँड (हमीपत्र) देऊन प्रोव्हिजनल असेसमेंट घ्या, म्हणजे अंतिम निर्णयाआधीच माल सोडवा, असं सीएचए पहिल्या आठवड्यातच म्हणाला होता. मीच हट्टाने नाही म्हटलं. आपण बरोबर आहोत तर बाँड का द्यायचा? त्या बाणेदारपणाची किंमत एक लाख चाळीस हजार.

तेविसाव्या दिवशी अहवाल आला: लिटरला २० च्या आसपास. १८ टक्क्यांनी माल सुटला. ‘आपलं म्हणणं मान्य’ वगैरे एक ओळही नाही, नुसतं स्टेटस बदललं. मी मात्र ऑफिसात पेढे वाटले.

नियमित आयात करणार असाल तर अ‍ॅडव्हान्स रुलिंग, म्हणजे माल कुठल्या क्रमांकात बसतो याचा अधिकृत निर्णय, आधीच घ्या. फी दहा हजार. मुंबईत प्राधिकरण आहे.

२२ सप्टेंबर २०२५ पासून सेस गेला आणि २२०२ ९९ मधली आमच्यासारखी इतर पेयं, कॅफीन असो वा नसो, थेट ४० टक्क्यांत गेली. २१०६ चा आयजीएसटी उलट १८ वरून ५ वर आला. परवा ओळखीतल्या एका आयातदाराचा फोन आला. “ताई, व्हिटॅमिनचं पाणी आता २१०६ मध्ये दाखवलं तर?” मी त्याला माझंच उत्तर पाठवलं, जे आम्ही दोनदा अपलोड केलं होतं.